लेकीबाळींसाठी सावड

दिवस मावळायची वेळ. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणतेही एस.टी. स्टँड घ्या. शेवटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांत एखादी बाई दिसते. कडेवर एक लेकरू, बोटाला दुसरे, हातात कपड्यांची पिशवी. डोक्यावरचा पदर नेहमीपेक्षा जरा जास्तच पुढे ओढलेला. सण नाही, वार नाही, आणायला भाऊ गेलेला नाही, तरी ती माहेरची गाडी पाहत उभी आहे. बघणाऱ्यांना समजायचे ते समजते आणि ते तोंड दुसरीकडे फिरवतात.

रात्री ती माहेरी पोचते. आई पाण्याचा तांब्या पुढे करते. बाप ओसरीवर गप्प बसून राहतो. लेकरे झोपली की आई हळूच विचारते, "काहून आली वं माय?" मग सगळे बाहेर येते. आई रडते, भावजय भिंतीला टेकून ऐकते. सकाळी ठरते ते असे : "चार दिस राहाय, मंग भाऊ सोडून देईन. लेकरायले बाप पाह्यजे." पाचव्या दिवशी भाऊ तिला सासरी पोचवून येतो. जावयाला चार शब्द सांगतो, चहा घेतो, परत फिरतो. भावाची पाठ वळली की "माहेरी जाऊन सांगतेस काय?" म्हणून पुन्हा मार सुरू होतो, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त.

वाचकहो, ही कोणा एकीची कहाणी नाही. नाव, गाव बदला, गोष्ट तीच राहते. आपल्याकडे म्हणच आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. या म्हणीतला मार कमी व्हावा म्हणून कायदे झाले. पण दाबलेले तोंड मोकळे कोण करणार, आणि ते मोकळे झाल्यावर पुढे कोणी काय करायचे, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असते. आजचा लेख त्याविषयी आहे.

न सांगितलेले दुखणे

देशात ठरावीक वर्षांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेली पाचवी पाहणी सांगते, की महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी साधारण चारांतल्या एकीने नवऱ्याचा मार किंवा जुलूम कधी ना कधी सोसलेला आहे. त्याच पाहणीतली देशभराची दुसरी बाब अधिक विचार करायला लावणारी आहे. असा मार सोसलेल्या स्त्रियांपैकी शंभरांत जेमतेम १४ जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली. बाकीच्या बहुतेकींनी मदत तर मागितली नाहीच, पण कोणाला सांगितलेही नाही.

ज्या बोलल्या त्या कोणाकडे गेल्या? बहुतेक जणी माहेरी. पोलीस, डॉक्टर किंवा वकील यांच्यापर्यंत पोचलेल्या फारच थोड्या. म्हणजे कायदा तालुक्याला आहे, दवाखाना तालुक्याला आहे, कोर्ट तालुक्याला आहे, आणि बाई मात्र गावातल्या ओसरीवर अडली आहे.

यात एकट्या आईबापाला दोष देऊन चालणार नाही. त्यांच्यासमोर धाकटी लेक लग्नाची असते, मुलाच्या संसाराची ओढाताण असते, दोन लेकरांसह आलेल्या मुलीला किती दिवस पोसायचे हा प्रश्न असतो. त्यांना वाटते, आपण एकटे काय करणार? हे वाटणे खोटे नाही. हे काम एकट्याचे नाहीच. हे सावडीचे काम आहे.

सावड म्हणजे काय ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. एकाच्या बळावर पेरणी उरकत नाही, वापसा निघून जातो. म्हणून चार जण मिळून आज तुझे वावर, उद्या माझे वावर असे काम काढतात. सावडीत दोन गोष्टी लागतात. ज्याने त्याने आपल्या वाटणीचे काम करायचे, आणि आपले झाले की पुढच्याच्या हाती नीट द्यायचे. एक जण आला नाही की साऱ्यांची खोळंबा होते. छळ होणाऱ्या बाईच्या बाबतीतही नेमके हेच घडते. डॉक्टर मलमपट्टी करतो आणि घरी पाठवतो. पोलीस समज देतो आणि घरी पाठवतो. आई चार दिवस ठेवते आणि घरी पाठवते. प्रत्येकाने काही तरी केलेले असते, पण एकाने दुसऱ्याच्या हाती दिलेले नसते. त्यामुळे ती फिरून फिरून त्याच दारात येते.

पोलीस ठाण्यात समाजसेविका

हे जोडून देण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात चाळीस वर्षांपूर्वी सुरू झाले. १९८४ साली मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर मिळून पोलीस आयुक्तांच्या कचेरीतच महिला व मुलांसाठी एक विशेष कक्ष उघडला. कल्पना साधी होती. गांजलेली बाई शेवटी पोलिसांच्या दारात येते. पण पोलिसाला गुन्हा समजतो, बाईचे मन समजायला त्याला सवड नसते. तिलाही दर वेळी नवऱ्याला तुरुंगात घालायचे असते असे नाही. कोणाला मार थांबायला हवा असतो, कोणाला सासरी अडकलेले दागिने आणि भांडीकुंडी परत हवी असतात, कोणाला लेकरू हवे असते. म्हणून शिकलेली, पगारी समाजसेविका पोलीस ठाण्यातच बसवायची. तिने आधी शांतपणे ऐकायचे, बाईला काय हवे ते विचारायचे, मग गरजेप्रमाणे नवऱ्याला बोलवायचे, दवाखान्यात न्यायचे, वकील गाठून द्यायचा किंवा राहण्याची सोय पाहायची. पाठीशी पोलिसांचे वजन असल्यामुळे बोलावणे धाडले की सासरची मंडळी येतात. पुढे हे कक्ष राज्यातल्या इतर जिल्ह्यांत निघाले, राज्य सरकारने ते काम आपले म्हणून स्वीकारले, आणि इतर राज्यांनीही त्याचा कित्ता गिरवला.

दवाखान्यातही असेच घडले. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालच्या सुमारास 'दिलासा' नावाचे केंद्र निघाले. महानगरपालिका आणि 'सेहत' ही आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था यांनी ते मिळून काढले. तिथे डॉक्टर आणि परिचारिका यांना शिकवले गेले, की "पाय घसरून पडले" म्हणणाऱ्या बाईच्या पाठीवर वळ कसे, हे हळुवारपणे विचारायचे, आणि औषधपाणी झाल्यावर तिला त्याच इमारतीतल्या समुपदेशक बाईंकडे पाठवायचे.

सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ या बंदराच्या गावी १९८१ साली पोलीस, न्यायालय, तुरुंग आणि निराधार स्त्रियांची निवारागृहे यांनी एकत्र बसून ठरवले, की घरातल्या मारहाणीच्या तक्रारीवर प्रत्येकाने आपापल्या परीने न वागता एकच ठरलेली पद्धत पाळायची. पुढे जगभर त्या पद्धतीची चर्चा झाली. देश वेगळे, माणसे वेगळी, पण अनुभव एकच निघाला. सगळे एका दिशेने ओढतील तरच गाडा चिखलातून निघतो.

कायद्यानेच घातलेली सावड

आपल्या देशात 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम' २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याविषयी खेड्यात दोन गैरसमज आहेत.

पहिला समज असा, की केस केली म्हणजे नवरा लगेच आत जातो आणि संसार कायमचा मोडतो. तसे नाही. या कायद्यात बाईने घटस्फोट मागावा लागत नाही. न्यायदंडाधिकारी आदेश देतात तो असा, की हिला मारू नको, घराबाहेर काढू नको, हिच्या व लेकरांच्या खर्चाला इतके पैसे दे. असा संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. छळाचा फौजदारी गुन्हा ही वेगळी वाट आहे. त्यासाठी १९८३ पासून भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेची ८५ व ८६ ही कलमे आली. ती वाट धरायची की नाही, हे त्या बाईने ठरवायचे.

दुसरा समज असा, की हाड मोडले, रक्त आले तरच त्याला छळ म्हणायचे. कायदा तसे म्हणत नाही. मारहाण, अंगाशी केलेली जबरदस्ती, शिव्या, टोमणे, मुलगा होत नाही म्हणून केलेला अपमान, खर्चाला पैसे न देणे, तिचे दागिने परस्पर विकणे, हे सारे त्यात येते. आणि हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. एका घरात नात्याने राहणारी आई, बहीण, विधवा सून यांनाही तो लागू आहे. ज्या घरी कर्ता गेला आणि दिवस उलटताच सुनेला "तुझे इथे काय?" असे विचारले गेले, त्या घरच्या सुनेने हे लक्षात ठेवावे. घर कोणाच्याही नावावर असो, तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विधवेच्या बाजूने हाच हक्क उचलून धरला.

आता सावडीचा भाग पाहा. कायद्याने प्रत्येकाच्या वाटणीचे काम नेमून दिले आहे.

पोलीस. बाई ठाण्यात आली की तिला या कायद्याखाली कोणती मदत मिळते, संरक्षण अधिकारी कोण आहे, फुकट वकील कुठे मिळतो आणि फौजदारी तक्रार करण्याचा तिचा हक्क काय, हे सांगणे पोलिसाचे कर्तव्य आहे. "घरचं आहे, घरी मिटवा" हे त्याच्या कामात बसत नाही.

डॉक्टर. सरकारी दवाखान्याने उपचार करायचेच. आधी अहवाल आण, मग बघू, असे म्हणून परत पाठवता येत नाही. दुखापतीची नोंद नीट लिहिणे हे औषधाइतकेच मोलाचे, कारण सहा महिन्यांनी कोर्टात तोच कागद बोलतो.

संरक्षण अधिकारी. हा या सावडीचा मुकादम म्हणावा. बाईची तक्रार विहित नमुन्यात लिहून घ्यायची, ती न्यायदंडाधिकाऱ्यांना व पोलीस ठाण्याला पाठवायची, गरज असेल तर वैद्यकीय तपासणी, निवारा आणि वकील मिळवून द्यायचा, आणि आदेश झाल्यावर तो पाळला जातो का ते पाहायचे, ही त्याची कामे आहेत. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, हे पोलीस ठाण्यात किंवा महिला व बालविकास विभागाच्या कचेरीत विचारले असता समजते.

वकील. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे किंवा वाशीमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

न्यायालय. अर्ज आल्यापासून साधारणपणे तीन दिवसांत पहिली तारीख लावावी, आणि तिथून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणूनच निकालापूर्वी तात्पुरता आदेश देण्याची सोय कायद्यात आहे. धोका जवळ असेल तर समोरचा हजर नसतानाही असा आदेश मिळू शकतो. वकिलाला तो पहिल्याच दिवशी मागायला सांगावे.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. रिसोडकडची मुलगी सेनगावला किंवा मेहकरला दिली असेल आणि ती छळाला कंटाळून माहेरी आली असेल, तर तिने अर्जासाठी सासरच्या तालुक्याला खेटे घालायला नकोत. ती सध्या जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो.

राहण्याचा प्रश्न उरतो. १ एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारने 'सखी' केंद्रांची योजना आणली. जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच छपराखाली उपचार, समुपदेशन, पोलीस मदत, कायद्याचा सल्ला आणि काही दिवसांचा निवारा मिळावा, बाईने चार कचेऱ्या हिंडू नयेत, हा तिचा उद्देश. रात्री-बेरात्री घराबाहेर काढलेल्या बाईला लेकरांसह तिथे थांबता येते. पुढे अधिक दिवस राहायचे असेल तर शासनाची निवारागृहे असतात.

पहिला कान गावातलाच

पण हे सगळे तालुक्याला आणि जिल्ह्याला. बाई पहिल्यांदा बोलते ती गावात. शेजारणीजवळ, निंदण करताना सोबतिणीजवळ, बाळाचे वजन करायला आलेल्या अंगणवाडीताईजवळ, गोळ्या द्यायला आलेल्या आशाताईजवळ. कधी ती बोलतही नाही, लेकरूच शाळेत बाईंना सांगते. सावडीतला पहिला गडी हाच. तो चुकला तर पुढचे सगळे हात रिकामे राहतात.

अशा वेळी काय करावे? काम अवघड नाही. तिला एकटीला गाठून ऐकावे, नवरा किंवा सासू समोर असताना विचारू नये. "तुझी काही चूक झाली असेल" हे वाक्य तोंडातून काढू नये. तिने सांगितलेले चार घरी सांगत सुटू नये, कारण बभ्रा झाला की तिचा मार वाढतो. तिच्या वतीने निर्णय घेऊ नये, वाटा दाखवाव्या. आणि जीव धोक्यात आहे असे दिसले तर वाट न पाहता पोलिसांना कळवावे. कळवणारा घरचाच असावा लागतो असे नाही. शेजारी, शिक्षक, पोलीस पाटील, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे.

इथे तंटामुक्त समितीविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे कितीतरी तंटे तिने गावातच मिटवले, ही मोठी गोष्ट. पण बांधाचा तंटा आणि बाईला होणारी मारहाण एका तागडीत तोलता येत नाही. बांधाच्या तंट्यात दोघे सारख्या ताकदीचे असतात, दोघेही थोडे मागे सरकतात. मारहाणीत एक मारणारा आणि एक मार खाणारी असते. तिने किती मागे सरकायचे? चार मोठ्या माणसांसमोर, सासऱ्याच्या डोळ्यांदेखत, डोक्यावर पदर घेऊन बसलेली बाई खरे काय सांगणार? समितीला खरेच मदत करायची असेल तर तिने कागदावर समेट लिहून घेण्याची घाई करू नये. बाईला एकटीला, दुसऱ्या बायकांकरवी विचारावे आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे पोचवावे.

आपल्या भागात आणखी एका धोक्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या प्रत्येक घरात फवारणीचे औषध असते. छळ असह्य झाला की बाईचा हात त्या डब्याकडे जातो. दवाखान्यात नातेवाईक सांगतात, "चुकून पोटात गेलं." डॉक्टर जीव वाचवतो, बाई चौथ्या दिवशी घरी जाते, आणि ज्या कारणाने तिने औषध घेतले ते कारण घरीच तिची वाट पाहत असते. अशा प्रत्येक बाईला घरच्यांना बाहेर बसवून एकदा तरी विचारले पाहिजे. जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून आपल्यावरच केस होईल, ही भीती तिने बाळगू नये. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला तणावाखाली असलेला मानून शिक्षेतून बाजूला ठेवले आहे, आणि नव्या न्याय संहितेत तर ते जुने कलमच राहिलेले नाही. घरच्या जाणत्यांनी फवारणीचा डबा कुलपात ठेवावा, हे तर आजच करण्यासारखे आहे.

मार लागण्यापूर्वी

रोग झाल्यावर औषध द्यायचे ते द्यावेच, पण शहाणा शेतकरी बीजप्रक्रिया आधी करतो.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल या अभ्यासकांनी विवाहित स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर जमीनही नाही आणि घरही नाही अशा शंभरांतल्या ४९ जणींनी नवऱ्याचा मार सोसला होता. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ होते, घर असलेल्यांत १०, आणि दोन्ही असलेल्यांत अवघे ७. जिला जायला जागा आहे, तिच्यावर हात उगारताना माणूस विचार करतो, असा याचा साधा अर्थ.

आपल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. त्यानंतर शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने आपल्या राजीखुशीने थोडी जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे करायची, आणि ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणायचे. कितीतरी गावांत ते घडले. त्या वेळी सातबाऱ्यावर बायकोचे नाव चढवणारे पुरुष काही दुबळे नव्हते. आज ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावे लावता येतात. ते आपण केले आहे का, एवढे प्रत्येक कर्त्याने स्वतःला विचारावे.

दारूचे म्हणाल, तर दारू मार वाढवते यात शंका नाही. ज्या गावांत बायकांनी मतदान करून 'आडवी बाटली' केली, त्यांनी चांगलेच केले. पण दारूवर सगळे ढकलणेही बरोबर नाही. पिऊन आलेला माणूस सरपंचाला मारत नाही, सावकाराला मारत नाही, घरी येऊन बायकोलाच मारतो. म्हणजे कोणाला मारले तर चालते, हे त्याला शुद्धीवर असतानाच शिकवलेले असते. ते शिकवतो आपणच. बहिणीला चापट मारणाऱ्या मुलाकडे पाहून आपण हसतो, तिथे त्याची शाळा सुरू होते. आणि मुलगी अठरा वर्षांची व्हायच्या आत उजवली, शाळा सोडवून ऊसतोडीच्या जोडीला लावली, तर तिच्या तोंडी "मला हे सहन होत नाही" हे वाक्य कुठून येणार? असे लग्न रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे. त्यालाही या सावडीत घ्यावे.

पदराला गाठ

ज्या भगिनींच्या वाट्याला हे दुःख आले आहे, त्यांनी एवढे करावे. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, लेकरांचे जन्माचे दाखले, लग्नाची पत्रिका व फोटो, दवाखान्याचे कागद यांच्या प्रती विश्वासाच्या शेजारणीकडे किंवा बचत गटातल्या मैत्रिणीकडे ठेवाव्या. पुढचे नंबर पाठ करावे. तातडीच्या मदतीला ११२. महिलांसाठी १८१. फुकट वकिलासाठी १५१००. लेकरांसाठी १०९८. आणि घर सोडायची वेळ आली तर आपण निघणार आहोत हे आधी कोणाला बोलून दाखवू नये, कारण "मी चालले" म्हटल्यावरच बरेचदा सर्वांत मोठा घात होतो.

मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्ध्या तिकिटात जाता येते. स्टँडवर उभ्या असलेल्या त्या बाईला माहेरापर्यंतचा प्रवास आता स्वस्त झाला आहे. ओसरीपासून पुढचा प्रवास मात्र अजून महाग आहे. तो स्वस्त करणे सरकारच्या एकट्याच्या हातात नाही.

तेव्हा मायबापहो, पुढच्या वेळी लेक अशी अवेळी दारात आली, तर तिला पाणी द्या, जेऊ घाला, निजू द्या. सकाळी मात्र भावाला तिच्या सासरच्या गाडीत बसवू नका. त्याला बहिणीबरोबर तालुक्याच्या गाडीत बसवा. आधी दवाखान्यात न्या, मग पोलीस ठाण्यात संरक्षण अधिकाऱ्याचे नाव विचारा, आणि तिथून वकिलाकडे जा. ती परत नांदायला जाणार की नाही, ते ती नंतर ठरवील. गेली तरी हातात आदेशाचा कागद घेऊन जाईल, आणि आपल्या मागे कोण कोण उभे आहे ते सासरच्यांना माहीत असेल.